कोंडी : मावळ, जानेवारी १७७९

बखर वाङ्मय शिकवताना आम्हां अध्यापकांना एक सवय लागलेली असते. शब्दकळा, अतिशयोक्ती, संवादांची नाट्यमयता, कर्त्याची निष्ठा हे मुद्दे फळ्यावर लिहायचे आणि उदाहरणादाखल एखादी चढाई वाचून दाखवायची. काही वर्षांपूर्वी असाच एक तास संपल्यावर मावळातून येणारी एक विद्यार्थिनी थांबली. ती महाविद्यालयाच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्याला खेळत असे. ती म्हणाली, "मॅडम, ह्या सगळ्या गोष्टींत चढाईच चढाई आहे. पकड करणारे कुठं गेले?"

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र पाठ सोडीना. मराठी इतिहासाच्या कथनात घोडदौड आहे, छापा आहे, किल्ल्याचा कडा चढून जाणे आहे. चालून आलेल्या शत्रूला आत येऊ देऊन, त्याला न भिडता, त्याची हालचालच निरर्थक करून टाकणाऱ्या बचावाची कथा मात्र फारशी रंगवलेली दिसत नाही. अशी एक कथा आमच्या ह्या विद्यार्थिनीच्या गावावरूनच गेलेली होती. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या इंद्रायणीच्या खोऱ्यात, जानेवारी १७७९ मध्ये, एक इंग्रज फौज पुण्यावर चालून आली आणि पुणे न पाहताच परत फिरली. वडगावची लढाई म्हणून आपण ती ओळखतो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे लढाई म्हणून न पाहता कोंडी म्हणून पाहण्याचा आमचा विचार आहे; आणि त्यासाठी प्रथम कबड्डीच्या मैदानावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

१

कबड्डीत एक गडी सात जणांच्या अंगणात शिरतो. संख्येचा विचार केला तर निकाल आधीच ठरलेला वाटावा. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण कोणत्या दिशेला, किती वेगाने आणि केव्हा वळायचे हे फक्त त्या एकालाच ठाऊक असते. सातांना त्याच्यामागून हलावे लागते. चपळ चढाईपटूचे खरे बळ त्याच्या हातापायांत जितके असते तितकेच समोरच्यांना धावायला लावण्यात असते. बचावातला एकजण अधीर होऊन पुढे झेपावला की साखळी तुटते, मधे फट पडते आणि तो त्या फटीतून मध्यरेषेकडे निसटतो.

म्हणून बचावाचे पहिले सूत्र आहे, पाठलाग करायचा नाही. दोन्ही टोकांचे कोपरारक्षक मागे राहतात, आतले गडी हात गुंफून साखळ्या धरतात आणि सगळी फळी चढाईपटूबरोबर डावी-उजवीकडे सरकत राहते. निदानरेषा त्याला ओलांडू द्यायची, बोनस रेषेकडे येऊ द्यायचे. तो जितका आत येईल तितकी त्याची परतीची वाट लांबते. कोपऱ्यातला गडी घोट्याला हात घालतो तो ह्याच क्षणी. आणि तो हात घालताच बाकीच्यांनी त्या पायाकडे न धावता मध्यरेषेकडची वाट बुजवायची असते. आमच्या विद्यार्थिनीने हे एका वाक्यात सांगितले होते. "तो काय करतोय ते बघायचंच नाही, तो कुठून परत जाणार ते बघायचं."

दुसरे सूत्र दबावाचे आहे. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. ह्या तीस सेकंदांत काहीच घडले नाही, तर चढाई रिकामी जाते. आजच्या स्पर्धांच्या नियमांनुसार सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. म्हणजे बचावाने काही न करताही, केवळ आपली रचना न मोडता, समोरच्याला अविचाराच्या काठावर आणून ठेवता येते. प्रेक्षकांना रिकामी चढाई कंटाळवाणी वाटते. जाणत्याला तिच्यात पुढच्या पकडीची तयारी दिसते.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याला अपरिचित खेळ. पण त्यातही हाच पेच आहे. तिथे क्वार्टरबॅक नावाचा सूत्रधार चेंडू हाती घेऊन पुढच्याला फेकतो, आणि तो स्वतः पळण्यात तरबेज असेल तर बचावाची धांदल उडते. त्याच्यावर सरळ झडप घालायला गेलेले गडी त्याच्या बाजूने ओलांडून जातात आणि मागे मोकळे रान राहते. म्हणून कडेच्या गड्यांनी आपली बाहेरची बाजू सोडायची नाही, मधल्यांनी आपापल्या वाटेनेच पुढे सरकायचे आणि एकाने केवळ त्याच्या हालचालींवर नजर ठेवून समोर उभे राहायचे, अशी शिकवण तिथे दिली जाते. बाल्टिमोरचा लामार जॅक्सन २०१९ च्या हंगामात १,२०६ यार्ड पळाला होता. तोवर कोणताही क्वार्टरबॅक एका हंगामात इतका पळाला नव्हता. जानेवारी २०२० मधल्या बाद फेरीत टेनेसीच्या संघाविरुद्ध तो १४३ यार्ड पळाला, ३६५ यार्ड त्याने चेंडू फेकून मिळवले, आणि सामना त्याचा संघ २८-१२ असा हरला. जमीन त्याला मिळत राहिली, गुण मिळाले नाहीत. ऐन मोक्याच्या वेळी एका यार्डासाठी त्याला दोनदा अडवले गेले आणि त्याच्याकडून चेंडूही निसटले. कोंडी म्हणतात ती हीच. समोरच्याला हलू द्यायचे, पण त्याच्या हलण्यातून त्याला हवे ते निष्पन्न होऊ द्यायचे नाही.

'कोंडणे' ह्या क्रियापदाचा संसार मराठीत मोठा आहे. कोंडवाडा, श्वास कोंडणे, कोंडमारा, वाहतुकीची कोंडी. ह्यांतल्या कशातही प्रहार नाही. आहे ती वाट बंद होण्याची जाणीव. हे ध्यानात ठेवून आता घाटमाथ्यावर जाऊ.

२

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर अशी. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रघुनाथरावाने गादीवर हक्क सांगितला, बारभाईंनी तो नाकारला आणि रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो अमान्य करून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. तरीही मुंबईकरांनी रघुनाथरावाचा नाद सोडला नाही. नोव्हेंबर १७७८ मध्ये त्याला घेऊन ते थेट पुण्यावर निघाले.

फौज सुमारे ३,९०० माणसांची होती. तिच्याबरोबर तोफा, दारूगोळा आणि सामान ओढणारे १९,००० च्या आसपास बैल होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मी कथा कळते. सैन्याचा कारभार एकट्या सेनापतीच्या हाती नव्हता. कर्नल एजर्टन, जॉन कार्नॅक आणि पुण्याच्या दरबारात पूर्वी वकील म्हणून राहिलेला टॉमस मॉस्टिन अशा तिघांच्या समितीकडे तो होता. ह्यांपैकी मॉस्टिनला पुण्याची माहिती सर्वांत जास्त. तो वाटेतच आजारी पडून मुंबईस परतला आणि १७७९ चे वर्ष उजाडताच वारला. एजर्टनची प्रकृती मुळातच खालावलेली होती.

ह्या जड फौजेत एक चपळ गडी मात्र होता. कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट. हलकी तुकडी घेऊन तो पुढे निघाला आणि नोव्हेंबरच्या अखेरीसच त्याने बोरघाट ताब्यात घेऊन खंडाळ्याला ठाण मांडले. मागची फौज घाट चढून येईपर्यंत जवळजवळ महिना गेला. सैन्याच्या टोकाशी असलेला हा माणूस नेमका तसा होता, ज्याच्यामागे बचावाने धावू नये. त्याच्याकडे शिस्त होती, वेग होता आणि समोरासमोरच्या चकमकीत त्याचे शिपाई मराठी स्वारांना भारी पडत होते.

मराठ्यांकडे संख्या अनेक पटींनी अधिक होती. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके असे सरदार होते. भिवराव पानशांचा तोफखाना होता. पुण्यात नाना फडणीस होते. एवढे बळ हाती असताना खंडाळ्यावर तुटून पडण्याचा मोह किती मोठा असेल! तो त्यांनी आवरला, हे ह्या मोहिमेतले पहिले आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कृत्य. कवायती पायदळाच्या गोळीबारासमोर घोडदळाने एकवटून जाणे म्हणजे शत्रूला हवी तीच लढाई त्याला देणे, हे महादजींनी ओळखले होते. पानशांच्या तोफा आणि हलक्या स्वारांच्या टोळ्या इंग्रजांच्या आगेमागे राहत. गोळे टाकायचे, रसद लुटायची, चारा-दाणा जमवायला निघालेल्यांना कापायचे आणि इंग्रजांनी रांग धरून पुढे पाऊल टाकले की तेवढेच मागे सरकायचे.

इथे मावळाची रचना पाहण्यासारखी आहे. घाटमाथा ओलांडला की इंद्रायणीचे खोरे पूर्वेकडे उघडते. उत्तरेला कार्ल्याच्या लेण्यांची डोंगररांग, दक्षिणेला लोहगड-विसापूरची. मधल्या पट्ट्यातून जायचे तर पुढे किंवा मागे, एवढ्याच दोन दिशा. मैदानाच्या कडा डोंगरांनीच आखून दिल्या होत्या. मागची बाजू म्हणजे घाट; पनवेलहून येणारे सामान त्याच एका वाटेने वर चढणार. पुढची बाजू मराठ्यांनी मोकळी ठेवली होती, पण त्या मोकळेपणात खायला काही नव्हते. गवताच्या गंज्या जाळल्या होत्या, गावे रिकामी केली होती.

आज आपण लोणावळ्याहून लोकलने तळेगावला पाऊण तासाच्या आत पोहोचतो. पायी चालणाऱ्यालाही ते अंतर दीड दिवसाहून अधिक नाही. १७७८ चा डिसेंबर सरताना घाटमाथ्यावरून निघालेली ही फौज ९ जानेवारीला तळेगावला पोहोचली. दिवसाला कोसभर चालही पडली नाही. ह्या दिवसांत कुठेही मोठी लढाई झाली नाही. रोज थोडी माणसे पडत होती, थोडे बैल जात होते. वाटेत कर्नल के हा अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्ट्यूअर्ट ठार झाला. दोन दिवसांनी एजर्टनने आजारपणामुळे सूत्रे खाली ठेवली आणि ती लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नच्या हाती आली. आपल्या भाषेत बोलायचे तर इंग्रज रोज जमीन मिळवत होते आणि रोज एक रिकामी चढाई त्यांच्या नावावर चढत होती.

तळेगावला त्यांनी प्रवेश केला तेव्हा गाव जळालेले होते. पुढे चिंचवडही जाळणार आहेत, आणि वेळ पडली तर पुण्यालाही आग लावण्याची तयारी आहे, अशा बातम्या आल्या. पुणे आता एक-दोन मजलांवर होते. रघुनाथरावाने ज्यांच्या भरवशावर इंग्रजांना आणले होते ते सरदार काही येऊन मिळाले नाहीत. पुढे गेले तर राख, थांबले तर उपास. सैन्य अद्याप लढण्याजोगे होते, काही दिवस पुरेल एवढा शिधाही शिल्लक होता. पण समितीचा धीर सुटला. दबावाची खरी परीक्षा इथेच होते. दबावाखाली माणूस आधी हरत नाही, आधी चुकतो.

११ जानेवारीच्या रात्री चूक झाली. जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून, सामान जाळून, अंधारात गुपचूप माघार घ्यायची असे ठरले. सामान पेटवल्यावर गुपित कसले राहते? मध्यरात्र उलटताच मराठी फौज चहूबाजूंनी भिडली. दीड-दोन आठवडे अंगाला न लागू देणारी ती फळी नेमकी ह्या क्षणी मिटली, कारण आता समोरचा पाठ फिरवून परतीच्या वाटेला लागला होता. कॅप्टन हार्टलीने पिछाडी मोठ्या हिमतीने सांभाळली. एरवी फौजेची वाताहतच झाली असती. १२ तारखेस इंग्रज कसेबसे वडगावात शिरले आणि तिथे पुरते वेढले गेले. फार्मर नावाचा अधिकारी बोलणी करायला आला. १६ जानेवारी १७७९ च्या वडगावच्या करारान्वये इंग्रजांनी १७७३ पासून घेतलेला साष्टीसह सारा मुलूख परत करायचा, बंगालकडून येत असलेली फौज माघारी पाठवायची आणि रघुनाथरावाची पाठराखण सोडायची असे ठरले. फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट हे दोघे ओलीस राहिले. उरलेली फौज मुंबईस जाऊ देण्यात आली.

३

कथा इथे संपती तर हा लेख एका विजयाचे स्मरण ठरला असता. पण कबड्डीचा एक नियम आहे. पकडीत अडकलेल्या चढाईपटूचे बोट जरी मध्यरेषेला लागले, तरी तो सुटतोच आणि त्याला धरून असलेले सगळे बाद होतात.

मुंबईकरांनी कराराची शाई वाळते न वाळते तोच तो नाकारला. समितीला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता असे सांगितले. कलकत्त्याने तीच री ओढली. जिला माघारी पाठवायचे ठरले होते ती गॉडर्डची फौज मध्य हिंदुस्थान तुडवीत फेब्रुवारी अखेरीस सुरतेला पोहोचली. रघुनाथराव महादजींच्या हवाली झाला खरा, पण त्याला झाशीकडे नेत असताना तो वाटेतून निसटला आणि काही महिन्यांत पुन्हा इंग्रजांच्या गोटात दाखल झाला. ह्या सगळ्या प्रकरणातला खरा चपळ गडी स्ट्यूअर्ट नव्हताच, रघुनाथराव होता असे म्हणावेसे वाटते. प्रत्येक पकडीतून तो सुटत आला होता.

ह्याच घाटात ह्याआधी ११८ वर्षांपूर्वी घडलेली दुसरी एक कोंडी इथे आठवते. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरू लागला. शिवाजी महाराजांनी त्याला अडवले नाही. उंबरखिंडीच्या जंगलात तो पुरता उतरू दिला आणि मग पुढची व मागची तोंडे बंद केली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. खानाबरोबर असलेल्या रायबागन ह्या स्त्री सरदाराने शरणागतीचा सल्ला दिला आणि खान सामान टाकून परत गेला. दोन्ही प्रसंगांत शेवटी शत्रूला वाट दिली आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. वाट पूर्ण बंद झालेला शत्रू जिवावर उदार होऊन लढतो. म्हणून दार किलकिले ठेवायचे आणि त्या दाराची किंमत वसूल करायची, हा कोंडीच्या कलेचाच भाग होय. फरक किंमतीत पडला. उंबरखिंडीत किंमत म्हणून सामान घेतले. ते परत मागता येण्यासारखे नव्हते. वडगावला किंमत म्हणून कागद घेतला. कागद नाकारता येतो.

हा धडा पुणेकर विसरले नाहीत. वसई जिंकून आलेला गॉडर्ड फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट चढून खंडाळ्याला आला. चपळाईत तो एजर्टनहून कितीतरी सरस. पण ह्या वेळी दबाव घाटाच्या खालच्या अंगाने आला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेल ते घाट ह्या पट्ट्यात त्याच्या रसदेचे तांडे मारायला सुरुवात केली. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर वरच्या बाजूला होते. गॉडर्ड खंडाळ्याच्या पुढे सरकू शकला नाही. एप्रिलमध्ये तो पनवेलकडे परत फिरला आणि त्या थोड्याशा वाटेत त्याची चारशेहून अधिक माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली. ह्या वेळी करार नव्हता, ओलीस नव्हते, विजयोत्सव करण्याजोगा एकही प्रसंग नव्हता. पण १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, त्यात इंग्रजांनी रघुनाथरावाचा हक्क सोडून दिला आणि त्याला महिना २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर बसवले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई परत आली. वडगावला जे एका कागदाने साधले नाही, ते खंडाळ्याच्या त्या कंटाळवाण्या अडीच महिन्यांनी पुष्कळसे साधले, असे आम्हांला वाटते.

४

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. पकड करणारे कुठे गेले?

वडगावात एक समाधी दाखवली जाते. ती इष्टुर फाकड्याची. इष्टुर म्हणजे आपला स्ट्यूअर्ट. पेशवाईतल्या साडेतीन फाकड्यांमध्ये लोकपरंपरेने ह्या इंग्रजाला अर्धी जागा दिली. पुण्यावर चालून आलेला, आपल्याच तोफेच्या गोळ्याने मेलेला परका माणूस. पण त्याच्या धडाडीवर मराठी मन इतके भाळले की त्याचे नाव मराठी करून घेतले आणि त्याच्या समाधीला मान दिला. शत्रूच्या शौर्याची अशी कदर करणे ही आपल्या संस्कृतीची मोठी बाजू आहे, ह्यात शंका नाही. पण त्याच मोहिमेत त्याच्या सैन्याला पंधरवडाभर खेळवत ठेवणाऱ्या पानशांचे नाव आज किती जण सांगतील? आणि गंज्या जाळणाऱ्या, स्वतःचे घर सोडून डोंगरात गेलेल्या तळेगाव-कामशेतच्या माणसांना तर नावेच नाहीत.

त्याच काळातली दुसरीही एक यादी प्रसिद्ध आहे, साडेतीन शहाण्यांची. तिच्यात अर्धे शहाणे कोण, तर नाना फडणीस. शहाणपण पुरेपूर, पण तलवार नाही म्हणून अर्धे. जानेवारी १७७९ मध्ये मावळात एक अर्धा फाकडा आणि एक अर्धा शहाणा समोरासमोर आले होते, आणि त्यात अर्ध्या शहाण्याचा पक्ष जिंकला. आमच्या मते ह्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक आहे. पहिलीत परका असूनही चढाईपटूला जागा मिळते. दुसरीत आपला असूनही बचावाचा सूत्रधार अपुरा ठरतो. कथनाचे माप काय, हे त्यातून दिसते.

ह्याला केवळ लोकांची आवड कारण नाही, कथनप्रकारांचीही अडचण आहे. पोवाड्याला नायक लागतो, एक क्षण लागतो, वार लागतो. बखरीला संवाद लागतो. कोंडीत नायक अनेक, क्षण एकही नाही आणि वार शेवटी. 'आज काही घडले नाही' हे कोंडीतले यशस्वी दिवसाचे वर्णन. पण ज्या दिवशी काही घडले नाही त्या दिवशी शाहीर काय गाणार? अशा दिवसांची नोंद ठेवणारा एकच वाङ्मयप्रकार आपल्याकडे आहे आणि तो म्हणजे पत्र. छावणीतून जाणारी बातमीपत्रे, दाणागोट्याच्या, कुठे किती कोस मुक्काम पडला ह्याच्या याद्या. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून छापलेल्या लेखसंग्रहाची पाने आपण वाङ्मय म्हणून क्वचितच वाचतो. बचावाचा इतिहास हवा असेल तर तो तिथेच शोधावा लागेल.

ह्यात एक सुखद योगायोगही आहे. 'मराठी रियासत'कार गोविंद सखाराम सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला येऊन राहिले आणि १९५९ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करणारा हा इतिहासकार ज्या गावात राहिला ते कार्ले आणि वडगाव ह्यांच्या मधोमध आहे. १७७९ ची ती फौज ह्याच वाटेने पुढे गेली आणि हरून ह्याच प्रदेशातून परतली. रोजच्या रोज येणारे, वरवर काहीच न सांगणारे कागद शेजारी ठेवून त्यांतून एक मोहीम उभी करायची, हे संपादकाचे कामही कोपरारक्षकाच्या कामासारखेच. घाई केली की फट पडते.

कोणी म्हणेल, हे सारे 'गनिमी कावा' ह्या शब्दात आधीच आलेले नाही काय? आले आहे; पण त्या शब्दाचा अर्थ आपण छाप्यापुरता आकुंचित करून घेतला आहे. रात्री येऊन झडप घालणे म्हणजे गनिमी कावा, अशी शाळेपासूनची समजूत. वडगावचा कावा झडपेत नव्हता. रोज थोडे मागे सरकण्यात, स्वतःचे गाव स्वतः जाळण्याची किंमत मोजण्यात आणि मोठ्या संख्येला आवरून धरण्यात तो होता. ही किंमत कोणी मोजली, कोणाचे दाणे जळाले, हा प्रश्नही त्याबरोबर यायला हवा. महादजी-नानांच्या मुत्सद्देगिरीचे गोडवे गाताना मावळातल्या कुणब्याचा तो हिवाळा कसा गेला असेल, ह्याचा विचार आपल्या लेखनात येत नाही. कोंडीचा खर्च नेहमी जमिनीवर राहणाऱ्यांच्या माथी पडतो.

क्रीडांगणावर मात्र काही बदलते आहे असे दिसते. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष कबड्डी संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला, तोवर ह्या स्पर्धेतले सुवर्णपदक जणू आपल्या नावावर लिहिलेलेच होते. आपले नामांकित चढाईपटू इराणच्या बचावापुढे निष्प्रभ ठरले. इराणी कोपरारक्षकांचे मोल इथल्या संघांनीही ओळखले आहे. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद प्रथमच मिळवले, तेव्हा त्यांच्या बचावाचा कणा मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी डावा कोपरारक्षक होता. घोट्याला घातलेल्या हाताला टाळ्या पडू लागल्या आहेत. पुण्याला बचावाचे महत्त्व इराणी माणसाने शिकवावे, ह्यात वडगावच्या इतिहासाच्या वाचकाला थोडी गंमत आणि थोडा विषाद वाटेल.

वडगावला महामार्गालगत महादजी शिंदे यांचे स्मारक आहे. येता-जाता ते दिसते, गाडी थांबत नाही. आम्ही मात्र आता बखरीचा तास घेताना एक गोष्ट आवर्जून करतो. चढाईचा उतारा वाचून झाला की मुलांना विचारतो, ह्या प्रसंगात जे जागा सोडून हलले नाहीत ते कोण, आणि त्यांच्याविषयी लेखकाने किती ओळी लिहिल्या आहेत? बहुधा उत्तर एक-दोन ओळींचे येते. त्या ओळी कुठे आहेत ते शोधण्यासाठी मुले पान पुन्हा वाचतात. ज्या मुलीने हा प्रश्न प्रथम विचारला ती आज मावळातल्याच एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "सगळ्यांना चढाईच करायची असते, मॅडम. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार होत नाही. मग मी त्यांना वडगावची गोष्ट सांगते."